रात्रपाळीतील मनुष्यबळ (हवाई वाहतूक नियंत्रण)

विमानतळ टॉवर, अ‍ॅप्रोच नियंत्रण (विमानतळाजवळ येणारी-जाणारी विमाने पाहणारे) व क्षेत्र नियंत्रण केंद्र (मार्गावरील विमाने पाहणारे) येथे रात्री किती नियंत्रक नेमावेत, पाळ्यांचा क्रम कसा असावा आणि पाळीदरम्यान विश्रांती कशी द्यावी, याची व्यवस्था. एकच जागा (एका नियंत्रकाचे कामाचे ठाणे) अखंड चालू ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. ४० तासांचा आठवडा धरल्यास त्याला चार माणसेही पुरत नाहीत. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि पाळीतील विश्रांती हिशेबात घेतली की हा आकडा पाचाच्या पुढे जातो. म्हणून रात्री किती जागा उघड्या ठेवायच्या, हा प्रश्न प्रत्येक केंद्राच्या एकूण मनुष्यबळाशी थेट बांधलेला असतो.

वाहतूक ओसरली की शेजारचे सेक्टर (आकाशाचे वाटून दिलेले भाग) एकत्र करून एका नियंत्रकाकडे दिले जातात. टॉवरमध्ये धावपट्टी, ग्राउंड (जमिनीवरील विमानांची हालचाल) व क्लिअरन्स (उड्डाणमार्गाची परवानगी) ही कामेही एकाच जागी येतात. मात्र रात्र म्हणजे तुरळक वाहतूक, हे गृहीत सर्वत्र लागू पडत नाही. उत्तर अटलांटिकवरील पूर्वेकडे जाणारा विमानांचा ओघ मध्य महासागरावर साधारणपणे ग्रीनिच वेळेनुसार रात्री १ ते सकाळी ८ दरम्यान असतो. त्यामुळे हा महासागर सांभाळणाऱ्या गँडर (कॅनडा) व शॅनविक (ब्रिटन-आयर्लंड) या केंद्रांत रात्रपाळीच गजबजलेली असते. मेम्फिस, लुईव्हिल, लाइपझिग यांसारख्या मालवाहतुकीच्या विमानतळांचेही तसेच.

खरा वादाचा मुद्दा रोस्टरवरील (पाळ्यांच्या तक्त्यावरील) संख्या आणि प्रत्यक्ष स्क्रीनसमोर बसलेल्यांची संख्या यांतील फरकाचा आहे. दोघांची नेमणूक असताना एकाने काम पाहायचे व दुसऱ्याने विश्रांतिकक्षात जायचे, हा प्रघात अनेक केंद्रांत होता. १ जुलै २००२ रोजी रात्री दक्षिण जर्मनीतील उबरलिंगेनजवळ तुपोलेव्ह-१५४ प्रवासी विमान व बोइंग ७५७ मालवाहू विमान यांची हवेत टक्कर होऊन ७१ जण मृत्युमुखी पडले. हे आकाश झुरिक केंद्राच्या ताब्यात होते. दुसरा नियंत्रक विश्रांतीसाठी गेला असल्याने एकच जण दोन वर्कस्टेशन सांभाळत होता. रडार व्यवस्थेचे देखभालकाम चालू होते, मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद होती, आणि फ्रीडरिक्सहाफेनला उतरू पाहणाऱ्या तिसऱ्या विमानात त्याचे लक्ष गुंतले होते. तुपोलेव्हच्या वैमानिकांनी विमानातील टक्करप्रतिबंधक यंत्रणेच्या आदेशाविरुद्ध नियंत्रकाची सूचना पाळली, हेही कारण अहवालात आहे. तरीही जर्मन तपास यंत्रणेने मे २००४ च्या अहवालात, रात्री एकानेच काम पाहण्याचा प्रघात व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे चालवून घेतला, असे स्पष्ट नोंदवले.

लेक्सिंग्टन (केंटकी) येथील २७ ऑगस्ट २००६ चा अपघात याच मालिकेत मांडला जातो, पण त्याचा पुरावा म्हणून उपयोग जपून करावा. पहाटे एक प्रवासी विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून निघाले आणि ५० पैकी ४९ जण दगावले. टॉवरचे व रडारचे काम रात्री वेगळे ठेवावे, असा निर्देश असूनही टॉवरमध्ये एकच नियंत्रक होता. आधीच्या पाळीनंतर त्याला ९ तास मिळाले होते व झोप सुमारे २ तास झाली होती. तपासात मात्र मुख्य कारण वैमानिकांच्या चुकीत सापडले. मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर टॉवरमधील एकटा पर्यवेक्षक झोपी गेल्याने दोन विमाने टॉवरशी संपर्काविना उतरली. त्यानंतर अमेरिकेत जिथे रात्री एकच नियंत्रक असे, अशा टॉवरमध्ये दुसरा नेमण्याचा आदेश निघाला आणि दोन पाळ्यांमधील किमान अवधी ८ वरून ९ तास झाला.

पाळ्यांच्या क्रमाविषयी सर्वाधिक अभ्यास अमेरिकेतील २-२-१ पद्धतीचा झाला आहे. तीत दोन दुपारपाळ्या, दोन सकाळपाळ्या व शेवटी एक रात्रपाळी येते. चौथ्या दिवशी दुपारी २ च्या सुमारास सुटलेला नियंत्रक त्याच रात्री १० किंवा ११ ला परत येई. ४० तास असे चार दिवसांच्या आत उरकल्यावर त्याला सलग सुमारे ८० तास मोकळे मिळत. तिच्या लोकप्रियतेचे कारण हेच. १९८१ च्या संपात ११ हजारांहून अधिक नियंत्रक बडतर्फ झाले, त्या टंचाईतून ही पद्धत आली असावी, असा तर्क सहज सुचतो. परंतु १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या शारीरिक ताणाच्या अभ्यासांत ती सरळ पाच दिवसांच्या पाळीशी तुलनेसाठी घेतलेली आढळते. म्हणजे संपापूर्वीच ती चांगली रुळलेली असली पाहिजे.

तिच्यावरील नेहमीचा आक्षेप असा की पाळ्या मागे सरकत जातात (पुढची पाळी आधीच्यापेक्षा लवकर सुरू होते), तर शरीराच्या घड्याळाला पुढे सरकणे सोपे जाते. ओक्लाहोमा सिटी येथील नागरी हवाई वैद्यकीय संस्थेने २००० नंतरच्या प्रयोगांत दोन्ही दिशांची तुलना केली, तेव्हा पुढे सरकणाऱ्या पाळ्यांचा अपेक्षित लाभ दिसला नाही. दिशेपेक्षा रात्रपाळीपूर्वीचे अपुरे अंतर अधिक घातक, हे मत त्यामुळे जास्त ग्राह्य वाटते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने पाळ्यांमध्ये १० तास व रात्रपाळीच्या आधी-नंतर १२ तासांचे अंतर जाहीर केले. तेही याच विचाराशी जुळते. हा नियम अक्षरशः पाळल्यास २-२-१ मूळ रूपात टिकत नाही.

डुलकीबाबत प्रयोग आणि धोरण यांत फारकत आहे. याच संस्थेच्या २००० च्या अभ्यासात रात्रपाळीत ४५ मिनिटे किंवा २ तास झोपलेल्यांची कामगिरी न झोपलेल्यांपेक्षा चांगली राहिली, त्यातही दीर्घ झोपेचा गुण अधिक. तरीही २०११ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांनी पगारी वेळेत झोप देण्यास जाहीर नकार दिला. युरोपातील अनेक केंद्रांत विश्रांतीच्या वेळेत झोपण्यास हरकत नसते. जाग आल्यावर काही काळ राहणारी सुस्ती लक्षात घेऊन जागेवर बसण्यापूर्वी थोडा अवधी ठेवतात.

लेखी मर्यादांमध्ये ब्रिटनची योजना विशेष तपशीलवार होती. तिच्यात रात्री १.३० ते ५.२९ यांचा कोणताही भाग व्यापणारी पाळी ही रात्रपाळी ठरत असे. ती साडेनऊ तासांहून लांब नसावी, सकाळी ७.३० पर्यंत संपावी, लागोपाठ दोनपेक्षा जास्त नसाव्यात व त्यांनंतर ५४ तासांचा अवधी असावा, अशी तिची कलमे होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने अकराव्या परिशिष्टात नियंत्रकांच्या थकवा-व्यवस्थापनाच्या तरतुदी घातल्या. त्या नोव्हेंबर २०२० पासून लागू आहेत. तासांची मर्यादा किती असावी, हे त्यांनी सदस्य राष्ट्रांवर सोडले आहे.

लहान विमानतळांवर टॉवर रात्री बंदच ठेवतात. अशा वेळी त्या भोवतालच्या आकाशाचा वर्ग (नियंत्रणाची पातळी) बदलतो आणि वैमानिक सामाईक फ्रिक्वेन्सीवर आपापली स्थिती कळवतात. स्वीडनमध्ये २०१५ पासून अर्नशॉल्ड्सविक विमानतळाचे नियंत्रण सुंड्सवालहून कॅमेऱ्यांच्या साह्याने होते. एकाच केंद्रातून अनेक विमानतळ पाहता येत असल्याने कमी वाहतुकीच्या तासांसाठी ही व्यवस्था सोयीची मानली जाते.