रेषेखालचा जीवाश्म आणि रेषेवरचा जीवाश्म

६.६ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला आणि क्रेटेशियस काळ संपला. तो घाव एकदम बसला असेल, तर खडकातल्या त्या सीमारेषेवर जुन्या प्रजाती एकदम थांबायला हव्यात. पण काही रेषेच्या खालीच गायब होतात, तर काही रेषा ओलांडूनही सापडतात. दोन्ही पाहून वाटतं, सगळं हळूहळू संपलं असावं. हा भास दोन वेगळ्या वाटांनी होतो.

खालचा भास टंचाईचा. प्रजातीतला अगदी शेवटचा जीव जीवाश्म व्हावा आणि तो नेमका आपल्याच हाती लागावा, हे जवळपास अशक्य. म्हणून दुर्मीळ प्राणी लवकर संपल्यासारखे दिसतात. १९८२ साली हे मांडणाऱ्या फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स यांचंच नाव या परिणामाला मिळालं. स्पेनमधल्या सुमाया इथे जीवाश्मतज्ज्ञ पीटर वॉर्ड यांना आधी रेषेखालच्या शेवटच्या काही मीटरांत अमोनाइट, म्हणजे गुंडाळीदार शंखाचे नामशेष सागरी प्राणी, मिळेनात. शोध वाढवला, शेजारच्या फ्रान्समधले कडे धुंडाळले, तेव्हा ते रेषेलगत सापडले.

वरचा भास बिळांचा, आणि माझ्या मते जास्त दगाबाज. समुद्रतळावरचे कृमी, झिंग्यांचे भाईबंद वगैरे साधारण वरचे १० सेंटीमीटर गाळ सतत उकरत असतात. हजार वर्षांत २ सेंटीमीटर गाळ साचत असेल, तर तेवढ्यात ५ हजार वर्षं एकत्र कालवली जातात. मेलेल्या प्रजातीची कवचं वर येतात नि ती तगल्यासारखी वाटते. हिंदी महासागराच्या गाळात याचा निर्जीव पुरावा आहे: सुमारे ७.९ लाख वर्षांपूर्वीच्या आघातात उडालेले काचेचे सूक्ष्म मणी. पडले एकदाच, पण आज उभ्या थरात बऱ्याच जाडीभर विखुरलेले. काच काही मागे तगून राहत नाही!

उलट दिशेनेही गडबड होते. स्पेनमधल्याच काराव्हाका इथे सीमारेषेखालच्या फिकट खडकात वरच्या गडद गाळाने भरलेली बिळं नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्यांतून घेतलेला नमुना नव्या प्रजातींना त्यांच्या जन्माआधीच हजर करील.

टंचाईवर उपाय सोपा, आणखी शोधा. बिळांच्या बाबतीत जास्त शोधलं की जास्त भटकी कवचं मिळतात. बिळांच्या कडाच पुसल्या गेल्या असतील, तर कवचातल्या कार्बनच्या समस्थानिकांना, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंना, विचारावं लागतं. आघातानंतर समुद्राच्या वरच्या पाण्यातलं कार्बन-१३चं, म्हणजे जड कार्बनचं, प्रमाण घसरलं. रेषेच्या वर सापडलेल्या कवचात जुनंच प्रमाण असेल, तर ते खालून आलेलं. तरी रेषेवरचं सगळं सरसकट फेकता येत नाही. ग्वेम्बेलिट्रिया नावाचा चिमुकला फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचधारी एकपेशीय सागरी जीव, खरोखरच वाचला होता.