कुत्रा कुठे आहे ते पट्टा सांगतो, काय हुंगतोय ते नाही

१९८७ साली न्यूझीलंडच्या उत्तरेला वाइतांगीच्या जंगलात किवी पक्षी धडाधड मरायला लागले. तिथे तेव्हा अभ्यास चालू होता म्हणून २४ किवींच्या अंगावर छोटे रेडिओ ट्रान्समीटर बसवलेले होते आणि त्यातले १३ मेले, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता, कारण किवी रात्री फिरणारा पक्षी, दिवसा दिसतच नाही. शेवटी निघालं काय तर हे सगळं एकाच मोकाट जर्मन शेफर्ड कुत्रीचं काम. तिला गोळी घातल्यावर मरणं थांबली. ट्रान्समीटरवाल्या पक्ष्यांच्या हिशोबावरून अंदाज बांधला तर जंगलातल्या साधारण ९०० किवींपैकी ५०० च्या आसपास तिने एकटीने मारले असावेत, तेही काही आठवड्यांत. किवी उडत नाही त्यामुळे छातीवर उडणाऱ्या पक्ष्यांसारखे जाड स्नायू नाहीत, मधलं उभं हाडही नाही, कुत्र्याने नुसतं तोंडात धरलं तरी आतून चिरडतो. वर त्याला वास असा उग्र येतो की कुत्र्याला शोधायला काही कष्टच नाहीत.

आज त्याच न्यूझीलंडमधे रानडुकराच्या शिकारीला जाणारे लोक कुत्र्यांच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक पट्टे घालतात. पट्ट्याची कामं दोन. एक म्हणजे कुत्रा कुठे आहे ते सांगणं आणि दुसरं म्हणजे लांबून बटण दाबून त्याला बीप, व्हायब्रेशन किंवा करंट देणं. हल्ली दोन्ही एकाच पट्ट्यात आणि एकाच रिमोटवर येतं, आणि माझ्या मते खरी गडबड इथेच आहे, कारण ही दोन कामं वेळेच्या बाबतीत एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. कसं ते बघू.

आधी ट्रॅकिंग. जुने पट्टे रेडिओवर नुसते बीप बीप पाठवायचे, माणूस हातात अँटेना फिरवत ज्या दिशेला आवाज मोठा तिकडे चालायचा, म्हणजे वाइतांगीच्या किवींसारखीच पद्धत. जीपीएसचे उपग्रह तेव्हाही वर होते पण अमेरिकन लष्कर नागरी सिग्नलमधे मुद्दाम चूक घालायचं, १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे. मे २००० मधे ते बंद झालं आणि त्यानंतरच कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस घालण्यात काही अर्थ उरला. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वरून सतत वेळ सांगत असतात, पट्टा कमीत कमी चार उपग्रहांचं ऐकतो आणि कुणाचा सिग्नल किती उशिरा आला यावरून स्वतःची जागा काढतो. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, म्हणून घड्याळात ३० नॅनोसेकंदांची चूक म्हणजे जमिनीवर ९ मीटरची चूक. सिग्नल फार अशक्त असतो, म्हणून चांगल्या पट्ट्यात जीपीएसचा भाग मानेच्या वर आकाशाकडे तोंड करून असतो आणि जड डबा खाली गळ्याशी.

पण हे नुसतं ऐकणं झालं, पट्टा उपग्रहाला काहीच सांगत नाही. मालकाला जागा कळवायची तर वेगळा रेडिओ लागतो. शिकारीच्या पट्ट्यांत तो व्हीएचएफ असतो, १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, कारण जंगलात मोबाईलला रेंज कुठली. अमेरिकेत या कामाला जे पाच चॅनेल वापरतात त्यांच्यावर पॉवर जास्तीत जास्त २ वॅट. लहरीची लांबी २ मीटर, तिच्या चौथ्या हिश्शाची अँटेना म्हणजे अर्धा मीटर, म्हणून त्या कुत्र्यांच्या मानेवर ती लांब लवचिक शेपटी दिसते. खोक्यावर रेंज लिहिलेली असते ९ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. आता हिशोब करा. कुत्र्याची मान जमिनीपासून ६० सेंटीमीटर, तुमचा हात दीड मीटर, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे अगदी सपाट मोकळ्या मैदानातसुद्धा ८ किलोमीटरच्या पुढे दोघांची रेडिओवर नजरानजर होत नाही. मधे झाडी, दरी, टेकडी आली की अजून कमी. ९ मैल हवे असतील तर तुम्ही एका डोंगरमाथ्यावर आणि कुत्रा दुसऱ्या, असं काहीतरी पाहिजे.

आणि आता उशीर. गार्मिन कंपनीच्या अल्फासारख्या पट्ट्यात सगळ्यात फास्ट सेटिंगलाही जागा दर अडीच सेकंदांनी येते, बॅटरी वाचवायची तर त्याहून उशिरा. कुत्रा ताशी ३० किलोमीटरने पळत असेल तर अडीच सेकंदांत २० मीटर गेला. स्क्रीनवर तो हरणामागे पळतोय असं वाटतं तेव्हा तो प्रत्यक्षात थांबून मागे वळलेला असू शकतो. हरवलेला कुत्रा शोधायला २० मीटर म्हणजे काहीच नाही, पण करंटच्या बटणासाठी तेवढा उशीर म्हणजे सगळंच चुकलं.

करंटची गंमत अशी की त्याचा जोर किती हे पट्ट्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. ब्रिटनमधे संशोधकांनी २०१३ मधे वेगवेगळे पट्टे मोजले तर सगळ्यात मोठ्या सेटिंगला तीन सेकंदांत मिळणारी ऊर्जा एका मॉडेलमधे ३.३ मिलिज्यूल आणि दुसऱ्यात २८७, म्हणजे ८० पटींहून जास्त फरक, आणि दोन्ही दुकानात शेजारी शेजारी. कुत्र्याच्या मानेचा विद्युतरोध कोरड्या कुत्र्यात सरासरी ६४० किलोओहम आणि ओल्यात फक्त १०. म्हणजे सकाळी कोरड्या अंगावर ठरवलेलं लेव्हल दुपारी नदीतून बाहेर आलेल्या त्याच कुत्र्याला तसंच लागेल असं अजिबात धरून चालू नका. आपल्याकडे जुलैमधे कुत्रा कोरडा असतो कधी हा प्रश्नच आहे.

त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कुत्रा त्या झटक्याचा संबंध कशाशी लावतो. तो लावतो त्या क्षणी नाकासमोर जे असेल त्याच्याशी, तुमच्या मनात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जर्मनीत हॅनोव्हरला १४ बीगल कुत्र्यांवर प्रयोग झाला होता, २००७ मधे छापून आला. एका गटाला नकली सावजाला तोंड लावलं तेव्हाच झटका, दुसऱ्याला हाक मारून आला नाही तर, तिसऱ्याला कधीही कशालाही. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तिसऱ्या गटात सगळ्यात जास्त चढलं, मग दुसऱ्यात, आणि पहिल्यात सगळ्यात कमी. फरक पडला तो झटका का बसला हे कुत्र्याला कळण्याचा, आणि कळलं तर तो टाळता येतो. हाक न ऐकल्याबद्दलचा झटका माणसाला सरळ वाटतो पण कुत्र्यासाठी तो गोंधळाचाच, कारण 'न येणं' ही काही हुंगता येणारी वस्तू नाही.

न्यूझीलंडमधे कुत्र्यांना किवीपासून लांब राहायला या पट्ट्याने शिकवतात, ते ट्रेनिंग म्हणूनच जमतं. तिथे वाटेवर मेलेला किवी, पिसं, विष्ठा असं ठेवतात, मालक कुत्र्याला घेऊन शांतपणे चालत जातो, बटण ट्रेनरच्या हातात असतं आणि त्याची नजर सरळ कुत्र्याच्या नाकावर, स्क्रीनवर नाही. कुत्र्याने नाक लावलं की त्याच क्षणी झटका. वास एकमेव, ओळखू येणारा, आणि पुढे आयुष्यभर टाळता येण्यासारखा. तरी परिणाम कायम टिकेल असं कुणी धरत नाही, ठराविक काळाने परत टेस्ट घ्यावी लागते, आणि ट्रेनिंग झालं म्हणून कुत्रा मोकाट सोडा असं तिथला वन्यजीव विभागही म्हणत नाही. अमेरिकेत ॲरिझोनाकडे रॅटलस्नेक या विषारी सापापासून लांब राहायला कुत्र्यांना असंच शिकवतात.

बाकी रोजच्या गोष्टींसाठी? ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाने २०१४ मधे ६३ पाळीव कुत्र्यांवर काम केलं, हाकेला न येणारी, मेंढ्यांमागे पळणारी अशी, आणि करंटवाला गट कंपन्यांनीच सुचवलेल्या ट्रेनरकडे होता, म्हणजे हात कच्चा होता असं म्हणायलाही जागा नाही. खाऊ देऊन शिकवलेल्यांपेक्षा त्यांचा रिझल्ट काही चांगला आला नाही, ताणाच्या खुणा मात्र जास्त दिसल्या. उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ मधे ॲरिझोनातल्या एका अभ्यासात १९ कुत्र्यांना पळत्या वस्तूमागे न धावायला शिकवलं, करंटवाले लवकर थांबले आणि खाऊवाले थांबलेच नाहीत. झटका बसल्यावर कुत्री किंचाळली हेही त्यातच लिहिलंय. यावर वाद चालू आहे, खाऊवाल्यांना वेळ पुरेसा दिला का वगैरे, पण मला त्यात परत किवीच दिसतो, एकच पळती वस्तू, समोर दिसणारी, आणि नेमकी वेळ. सोसायटीत भुंकणाऱ्या कुत्र्याचं प्रकरण तसं नसतं. तो घाबरून भुंकत असेल आणि समोरून लहान मूल येताना झटका बसला, तर तो त्या मुलालाच घाबरायला शिकणार. असा कुत्रा पुढे चावला तर दोष कुणाला देणार?

वेल्समधे हे करंटवाले पट्टे २०१० पासून बंद आहेत, जर्मनीत २००६ च्या कोर्टाच्या निकालानंतर वापरता येत नाहीत, इंग्लंडमधली बंदी २०२४ मधे यायची होती ती रखडली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे, आणि तरी ऑनलाइन स्वस्तातले शॉक कॉलर सहज मिळतात, 'भुंकणं बंद' असं मोठ्या अक्षरात लिहून.

ट्रॅकर मात्र बिनधास्त घ्या. परदेशातून व्हीएचएफवाला आणू नका, इथे त्यावर ट्रान्समिट करायला परवाना लागतो, सिमकार्डवाला जीपीएस घ्या. एअरटॅगमधे जीपीएस नसतं, आजूबाजूचे आयफोन त्याचं ब्लूटूथ ऐकून जागा कळवतात, त्यामुळे कोथरूडमधे चालेल पण राजमाचीच्या जंगलात आयफोनवाले कुठून आणणार. आणि पट्टा कुठलाही असो, रात्री काढून ठेवा, एकाच जागी दिवसरात्र दाबून राहिला की कातडीला जखमा होतात, करंट एकदाही दिला नसला तरी.