खोल पाण्यातल्या लाल शैवलाचं नाव ठरतं तरी कसं?

खोल प्रवाळभित्तीवर लाल शैवलाची नवी जाती सापडल्याची बातमी आली की सोबत पाणबुड्याचा फोटो असतो. नमुना वर आल्यावर जे काम सुरू होतं ते मात्र टेबलाशी बसून करायचं, आणि त्याचा इतिहास बराच मागे जातो.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली शैवलांचा सगळा पसारा मोजक्या प्रजातींत बसवला. चुन्याचं कवच असलेली कोरलाइन शैवलं तर त्याने प्राण्यांत धरली; त्यांना वनस्पतींत आणलं ते १८३७ मध्ये निसर्गअभ्यासक फिलिपीने. त्याच सुमारास, १८३६ मध्ये, आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वीने शैवलांचे मोठे गट रंगावरून पाडले. ऐकायला भाबडं वाटतं, पण लाल गट आजही जवळपास तसाच टिकून आहे. या रंगामागे फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य आहे. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो. खाली उरलेला निळा-हिरवा उजेड हे रंगद्रव्य पकडतं. १९८४ साली बहामाजवळच्या एका सागरी डोंगरावर पाणबुडीतून २६८ मीटर खोलीवर कोरलाइन शैवल सापडलं, तेव्हा ही कुवत किती आहे ते कळलं. अर्थात हिरवी शैवलंही बरीच खोल आढळतात, त्यामुळे सगळं श्रेय रंगाला देता येत नाही.

त्याआधी खोल पाण्यातलं शैवल हाती लागायचं ते जाळं तळावरून खरवडत नेऊन, किंवा किनाऱ्यावर वाहून आलेलं. तुकडे फाटके, खोली अंदाजाने. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायचं स्कूबा तंत्र आलं तरी साध्या हवेवर ४० मीटरच्या खाली जाणं धोक्याचंच. साधारण ३० ते १५० मीटरचा ‘मेसोफोटिक’, म्हणजे अंधुक उजेडाचा, पट्टा नीट धुंडाळता आला तो पाणबुड्या, सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे रीब्रीदर आणि श्वासासाठीच्या वायूंच्या मिश्रणामुळे.

नमुना वर आला की समुद्राच्या पाण्यात पसरवून कागदावर दाबतात. एक कपटा डीएनएसाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये, एक रचना टिकवण्यासाठी फॉर्मलिनमध्ये. मग ब्लेडने पातळ काप काढायचे, अ‍ॅनिलिन ब्लू या निळ्या रंगाने रंगवायचे आणि काचपट्टीवर मक्याच्या पाकात बसवायचे. हा खटाटोप कशासाठी, तर वरून सारखी दिसणारी लाल पानं आतून वेगळी असतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्मिट्झने १८८० च्या दशकात दाखवलं की फलनानंतर मादी अवयवांत काय घडतं यावर लाल शैवलांचं वर्गीकरण उभं राहू शकतं. स्वीडिश शैवलतज्ज्ञ क्यूलिनने पुढे ते काम वाढवलं. अडचण एवढीच की नेमका वांझ, म्हणजे प्रजननाचे अवयव नसलेला, नमुना हाती आला तर ही पद्धत लंगडी पडते.

डीएनएमुळे ती अडचण बरीच सुटली, पण दुसरी उभी राहिली, आणि माझ्या मते तीच जास्त चिवट आहे. युरोपातल्या नमुन्यांना दिलेली नावं पुढे जगभरच्या दिसायला सारख्या शैवलांना सर्रास चिकटवली गेली. त्यामुळे ‘नवी’ म्हणण्याआधी जुन्या नावाचा मूळ नमुना, म्हणजे ‘टाइप’, तपासावा लागतो. तो कुठल्या तरी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कागदाला चिकटलेला असतो, आणि त्यातला काही मिलिमीटरचा तुकडा काढायलाही परवानगी लागते. नियमांची बाजू त्यामानाने सोपी झाली आहे. १९५८ पासून नव्या शैवलाचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. टाइपचा डीएनए जुळला, तर मात्र नवं नाव बाजूला ठेवून आधी दिलेलं जुनं नावच वापरावं लागतं.