नाताळची भेट कोण आणते? घरातल्या एका रात्रीची पार्श्वभूमी

नाताळच्या कौटुंबिक आठवणी सांगितल्या जातात तेव्हा त्यांत एक प्रसंग हटकून येतो. बंद दाराआड मोठ्या माणसांची लगबग चाललेली असते, मुलांना बाहेर थांबवून ठेवलेले असते, आणि दार उघडल्यावर एकदम उजेड दिसतो. त्या उजेडाशेजारी ठेवलेली भेट कोणी आणली, या प्रश्नाचे उत्तर मात्र देशोदेशी निराळे दिले जाते. कुठे संत निकोलसचे नाव घेतात, कुठे बाळ येशूचे, कुठे पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचे, तर कुठे लाल झग्यातल्या नाताळबाबाचे. ही विविधता लोककथांच्या ओघात आपोआप निर्माण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे सोळाव्या शतकातील एक धार्मिक वाद आणि त्या वादापोटी घेतले गेलेले काही अगदी साधे, नागरी कारभारातले निर्णय आहेत. भेट आणणारा बदलला, त्याबरोबर ती येण्याचा दिवस बदलला, आणि घरातला नाताळ आज ज्या एका रात्रीभोवती गुंफलेला आहे ती रात्र मुलांच्या वाट्याला आली ती यामुळेच.

प्राचीन काळाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. २५ डिसेंबर हा जन्मदिवस म्हणून पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममध्ये ३५४ साली संकलित झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडते. चौथ्या शतकातील मायरा या गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, बिशप निकोलस पुढे मुलांचा कैवारी मानला गेला. एका निर्धन बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री गुपचूप सोने ठेवले, अशी त्याची कथा आहे. त्याचे अवशेष १०८७ मध्ये इटलीतील बारी येथे नेले गेल्यावर त्याची भक्ती पश्चिम युरोपात झपाट्याने पसरली. मुलांना खाऊ आणि खेळणी मिळत ती त्याच्या सणाला, म्हणजे ६ डिसेंबरला. ख्रिस्तजन्माचा दिवस उपासनेचा, मेजवानीचा आणि गावकीच्या जल्लोषाचा होता. मुलांसाठी राखून ठेवलेला असा तो नव्हता.

धर्मसुधारणेच्या चळवळीने, म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून प्रोटेस्टंट पंथ वेगळे करणाऱ्या चळवळीने, संतांची मध्यस्थी अमान्य केली, तेव्हा हा घरगुती प्रघात अडचणीत आला. देव आणि माणूस यांच्यामध्ये संत नकोत, असे चर्चच्या व्यासपीठावरून सांगितले जात असताना घरी आईबापांनी मुलांना ‘हे निकोलसने दिले’ असे कसे सांगायचे? मुलांची भेट बंद करावी असे कोणाच्याही मनात नव्हते. म्हणून देणाऱ्याचे नाव बदलण्यात आले. भेट ज्याच्या जन्माचा आनंद साजरा करायचा त्या ख्रिस्ताकडूनच आली पाहिजे, आणि म्हणून ती त्याच्या जन्माच्या वेळीच मिळाली पाहिजे, असा हा युक्तिवाद होता.

त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्गचे आहे. त्या शहरात निकोलसच्या सणाला बाजार भरत असे आणि पालक तेथून मुलांसाठी वस्तू घेत. एका धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनात या प्रथेवर कडक टीका केली, आणि १५७० मध्ये नगराच्या कारभाऱ्यांनी निकोलसचा बाजार बंद करून त्याऐवजी ख्रिस्तजन्माच्या आधीचे तीन दिवस बाजार भरवण्याचे ठरवले. त्या बाजाराला ‘क्रिस्टकिंडेल्समेरिक’, म्हणजे ख्रिस्तबालकाचा बाजार, असे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. या निर्णयाकडे धर्माच्या इतिहासात शिस्तीचा एक किरकोळ प्रसंग म्हणून पाहिले जाते. माझ्या मते घरातल्या नाताळच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कितीतरी मोठे आहे, कारण बाजाराची तारीख हलली की खरेदीची तारीख हलते, आणि खरेदीपाठोपाठ मुलांची प्रतीक्षाही हलते. उपदेशकाला एक संत हटवायचा होता. घरांना मात्र त्यातून एक नवी संध्याकाळ मिळाली.

आता ज्या शब्दाने हा सारा गुंता निर्माण केला त्याकडे वळणे आवश्यक आहे. ‘क्रिस्टकिंड’ या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ ‘ख्रिस्तबालक’ असा आहे. पण गव्हाणीत नुकतेच जन्मलेले, दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ त्याच रात्री घरोघर भेटी कसे पोहोचवील, हा प्रश्न कोणत्याही मुलाला पडेल, आणि तो पडलाही असणार. जर्मन भाषेत ‘किंड’ हा शब्द आपल्या ‘मूल’ या शब्दाप्रमाणेच नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ते मूल मुलगा की मुलगी हे शब्दावरून ठरत नाही. नाताळच्या मिरवणुकांत आणि धार्मिक नाटिकांत पांढऱ्या वेशातली, डोक्यावर मुकुट घातलेली एक आकृती बाळ येशूच्या आगेमागे दिसू लागली, आणि लोकांच्या मनात हळूहळू तीच क्रिस्टकिंड झाली. अशा रीतीने धर्मशास्त्राने नेमलेले ख्रिस्तबालक घरांच्या कल्पनेत सोनेरी केसांच्या, देवदूतासारख्या मुलीचे रूप घेऊन बसले. न्यूरेंबर्गच्या नाताळ बाजाराचे उद्घाटन १९४८ पासून अशाच वेशातली व्यक्ती करते, आणि १९६९ पासून त्या भूमिकेसाठी शहरातील एका तरुणीची निवड होते. त्या बाजाराला जाणाऱ्या मुलांना यात काही विसंगत वाटत नाही.

गुंता एवढ्यावर संपत नाही. क्रिस्टकिंड आणले ते प्रोटेस्टंट सुधारकांनी, कॅथलिक निकोलसला पर्याय म्हणून. पुढे मात्र कॅथलिक घरांनीही ते स्वीकारले, आणि प्रोटेस्टंट उत्तरेत एकोणिसाव्या शतकात टोपीवाला, दाढीवाला ‘वाइनाख्ट्समान’, म्हणजे नाताळचा माणूस, लोकप्रिय होऊ लागला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी जर्मनीत लोकपरंपरांची मोठी पाहणी झाली तेव्हा दक्षिणेत आणि पश्चिमेत बहुतेक ठिकाणी क्रिस्टकिंड, तर उत्तरेत आणि पूर्वेत वाइनाख्ट्समान, अशी विभागणी आढळली. ज्यांनी शब्द घडवला त्यांच्या वारसांनी तो सोडला आणि ज्यांच्याविरुद्ध तो घडवला त्यांच्या वारसांनी तो जपला. ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत आजही अनेक घरांत निकोलस ६ डिसेंबरला येतो आणि क्रिस्टकिंड २४ तारखेच्या संध्याकाळी. म्हणजे जो संत काढून टाकायचा होता त्याला मुलांच्या वर्षात शेवटी स्वतंत्र जागा मिळालीच.

अटलांटिक ओलांडल्यावर या शब्दाचे आणखी विलक्षण रूपांतर झाले. पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मनभाषक कुटुंबांनी ‘क्रिस्टकिंडल’ हे लाडके रूप सोबत नेले होते. इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी त्याचे ‘क्रिस क्रिंगल’ झाले. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वृत्तपत्राने २३ डिसेंबर १८२३ रोजी कवीचे नाव न देता छापलेल्या कवितेने आठ रेनडिअरांच्या गाडीतून छपरावर उतरणारा, धुराड्यातून आत येणारा निकोलस त्याआधीच लोकप्रिय करायला सुरुवात केली होती, आणि त्या कवितेत तो ६ डिसेंबरला न येता नाताळच्या आदल्या रात्री येतो. १८४० च्या दशकात फिलाडेल्फियात छापलेल्या मुलांच्या पुस्तकांत या निकोलसचेच नाव क्रिस क्रिंगल असे दिलेले आढळते. निकोलसला हटवण्यासाठी पुढे केलेल्या बालकाचे नाव तीन शतकांच्या आत निकोलसलाच चिकटले. एखादा प्रघात लिखित नियमांपेक्षा घरातल्या बोलण्यातून कसा जगतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

बंद दाराचा प्रसंग समजून घ्यायचा तर नाताळवृक्षाचा उल्लेख टाळता येत नाही. याही बाबतीत महत्त्वाची नोंद स्ट्रासबुर्गचीच आहे. १६०५ मधील एका वर्णनानुसार तेथील लोक घराच्या बैठकीत सूचिपर्णी झाड उभे करून त्यावर रंगीत कागदाची फुले, सफरचंदे, पातळ बिस्किटे आणि साखरेचे पदार्थ टांगत. पुढे त्यावर मेणबत्त्या आल्या, आणि मेणबत्त्यांबरोबर दार बंद ठेवणे आले, कारण जळत्या ज्योतींचे झाड फार वेळ पेटते ठेवता येत नाही आणि मुलांच्या हाती सोपवता येत नाही. मोठ्यांनी आत जाऊन ज्योती लावायच्या, घंटा वाजवायची आणि मग मुलांना बोलवायचे, हा क्रम सोयीतून आणि सावधगिरीतून तयार झाला. मुलांना मात्र तो चमत्कार वाटला. घंटा वाजली म्हणजे क्रिस्टकिंड येऊन गेले, अशी त्यांची समजूत करून दिली जाई. न्यूयॉर्कमधील एका घरात डिसेंबर १८८२ मध्ये ८० विद्युत दिव्यांनी झाड उजळले गेले, आणि दिवे स्वस्त झाल्यावर पुढच्या पिढ्यांत आग लागण्याची भीती ओसरली. दार लावण्याचे ते जुने कारण उरले नाही, तरी अनेक घरांनी दार लावणे सोडले नाही.

झाड जर्मन घरांतून इंग्रजी घरांत गेले ते राजघराण्यामार्फत. जर्मनीतून आलेल्या राणीने १८०० साली विंडसर येथे मुलांसाठी झाड सजवले होते, पण ते दरबारापुरते राहिले. सर्वसामान्य घरांपर्यंत ते पोहोचले १८४८ मध्ये, लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पती आणि मुले टेबलावरच्या झाडाभोवती उभी असलेले चित्र छापले गेले तेव्हा. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या एका मासिकाने तेच चित्र राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि तिच्या पतीच्या मिशा पुसून छापले. राजघराण्याचे चित्र अशा रीतीने कोणत्याही घराचे चित्र झाले. आईवडील, मुले आणि मध्ये झाड ही जी मांडणी आज अनादी वाटते ती छापील चित्रातून पसरलेली आहे, आणि तिचे वय दोनशे वर्षेही नाही. लंडनमध्ये १८४३ साली निघालेल्या पहिल्या छापील नाताळ-शुभेच्छापत्रावरही एकत्र बसलेले कुटुंबच होते. त्यात मुलाच्या ओठी मद्याचा पेला दाखवल्याबद्दल दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी आक्षेप घेतला होता.

प्रतीक्षा एका रात्रीवर एकवटली तशी ती मोजण्याची साधनेही घडू लागली, आणि या टप्प्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते. हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी चालवलेल्या एका आश्रमात मुले रोज विचारत, नाताळ कधी येणार? तेथील संचालकाने १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर आगमनकाळातील, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांतील, प्रत्येक दिवसासाठी एक, अशा मेणबत्त्या बसवल्या; चार रविवारांच्या मोठ्या आणि पांढऱ्या, बाकीच्या लहान आणि लाल. आजचे चार मेणबत्त्यांचे आगमनकाळाचे चक्र हे त्याचेच आटोपशीर रूप. नाताळपर्यंतचे दिवस मोजणाऱ्या छापील दिनदर्शिकेची हकिकतही अशीच घरातली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात म्युनिकच्या एका प्रकाशकाने ती बाजारात आणली, आणि तिचे मूळ त्याच्या आईने लहानपणी त्याच्यासाठी पुठ्ठ्यावर लावून दिलेल्या खाऊच्या २४ तुकड्यांत होते. उघडणाऱ्या छोट्या दारांची कल्पना १९२० च्या दशकात रुळली. दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईने हे छपाईचे काम थांबले आणि १९४६ मध्ये श्टुटगार्टमधून पुन्हा सुरू झाले. मोडलेल्या शहरांत जी वस्तू इतक्या लवकर पुन्हा छापावीशी वाटली ती मुलांसाठी दिवस मोजण्याची होती, हे विसरता येत नाही.

विसाव्या शतकात भेट आणणाऱ्याचा वाद पुन्हा उफाळला, या वेळी नाताळबाबाच्या विरोधात. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधील दिजाँ येथे काही धर्मगुरूंच्या संमतीने शेकडो मुलांसमोर कॅथेड्रलच्या अंगणात त्याचा पुतळा जाळण्यात आला. तो सणाचा पवित्र अर्थ हिरावून घेतो, असा आरोप होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नगरभवनाच्या छपरावर मुलांना दर्शन देण्यासाठी उभा होता. सोव्हिएत संघात १९२० च्या दशकाच्या अखेरीस नाताळवृक्षाविरुद्ध मोहीम झाली, आणि डिसेंबर १९३५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रातील एका पत्रानंतर तेच झाड नववर्षाचे झाड म्हणून परत आले. त्यामुळे तेथे वाढलेल्या पिढ्यांच्या बालपणीच्या आठवणींत झाड, दिवे, भेट आणि दाढीवाले आजोबा सारे काही आहे, फक्त तारीख ३१ डिसेंबरची आहे.

अगदी अलीकडची घडामोड युक्रेनची आहे. जुलै २०२३ मध्ये तेथील संसदेने ७ जानेवारीची नाताळची सार्वजनिक सुट्टी रद्द करून फक्त २५ डिसेंबरची ठेवली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून देशातील दोन मोठ्या चर्चनी स्थिर, म्हणजे दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणाऱ्या, सणांसाठी तेरा दिवस मागे असलेली जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून सुधारित दिनदर्शिका स्वीकारली. बातम्यांत भर होता तो युद्धावर आणि मॉस्कोपासून दूर जाण्यावर, आणि तो योग्यच होता. पण दिनदर्शिका बदलली की तिच्यातला प्रत्येक स्थिर सण सरकतो. युक्रेनमध्ये निकोलस मुलांच्या उशीखाली भेट ठेवतो ती १९ डिसेंबरच्या पहाटे, असा प्रघात होता. त्या वर्षीपासून चर्चच्या दिनदर्शिकेत निकोलसचा दिवस ६ डिसेंबर झाला आहे, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या कारभाऱ्यांनी बाजार हलवण्यापूर्वी तेथील मुले ज्या दिवसाची वाट पाहत असत, तोच.