कार्यताण व बोधनिक वार्धक्य

वय वाढते तसे अवधान, स्मृती, तर्कशक्ती आणि माहिती हाताळण्याचा वेग यांत रोग नसतानाही जे बदल होतात, त्यांना बोधनिक वार्धक्य म्हणतात. कामाचा रेटा आणि ते आपल्या पद्धतीने करण्याची मुभा यांचा मेळ बसला नाही, की शरीरमनावर जो भार येतो तो कार्यताण. या दोहोंचा परस्परसंबंध प्रामुख्याने नोकरीच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत तपासला जातो. स्मृतिभ्रंश हा स्वतंत्र विषय असल्याने त्याचा विचार येथे केवळ सीमारेषेपुरता केला आहे. स्थानिक उदाहरणे बडोद्यातील, विशेषतः तेथील मराठी समाजातील आहेत.

सर्वच क्षमता एकाच वेळी उतरत नाहीत, ही कल्पना रेमंड कॅटेल यांनी १९४३ मध्ये मांडली आणि पुढे जॉन हॉर्न यांनी ती विस्तारली. नवी समस्या सोडवणारी ‘प्रवाही’ बुद्धी लवकर मंदावते. शब्दसंपत्ती, व्यवसायातले ज्ञान यांसारखी ‘स्फटिकी’ बुद्धी साठीपर्यंत टिकते, काही वेळा वाढतेही. टिमथी सॉल्टहाउस (१९९६) यांच्या मते मुळाशी वेगच असतो : आधीची पायरी वेळेत पुरी होत नाही, आणि पुढची पायरी गाठेपर्यंत आधीची माहिती पुसट झालेली असते. लिन हॅशर व रोझ झॅक्स (१९८८) यांनी मात्र अनावश्यक माहिती बाजूला सारण्याची शक्ती कमी होते, यावर भर दिला.

घसरण नेमकी केव्हा सुरू होते, हा अजूनही वादाचा विषय आहे. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या व्यक्ती तपासल्या (अनुप्रस्थ पद्धत), तर उतार विशी-तिशीतच दिसू लागतो; सॉल्टहाउस यांनी २००९ मध्ये हीच बाजू घेतली. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिअ‍ॅटल येथे दर सात वर्षांनी त्याच व्यक्ती पुन्हा तपासल्या (अनुदैर्घ्य पद्धत), तेव्हा बहुतेक क्षमतांत साठीच्या आसपासपर्यंत ठळक घट आढळली नाही. पहिल्या पद्धतीत वय आणि पिढी यांची गल्लत होते. बडोदे (वडोदरा) येथे संस्थानकाळी शिकलेल्या पिढ्यांबाबत ही अडचण विशेष जाणवे. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात लागू केले. त्यामुळे शहरातील तेव्हाचे वृद्ध बडोदे संस्थानात शिकले की शेजारच्या मुलखातून पुढे नोकरीनिमित्त आले, हे न विचारता त्यांची तरुणांशी तुलना केली, तर शाळेचा परिणाम वयाच्या खात्यावर जमा होई. दुसऱ्या पद्धतीचेही दोष आहेत. चाचणी पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात आणि प्रकृती खालावलेले लोक पुढच्या फेऱ्यांना येत नाहीत. दोन्हींमुळे घट झाकली जाते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल-२ अभ्यासात (आरंभ १९८५, ३५ ते ५५ वयाच्या १०,३०८ व्यक्ती) ४५–४९ या वयोगटातही दहा वर्षांत तर्कचाचणीत ३.६ टक्के घट नोंदवली गेली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून चाळिशीच्या उत्तरार्धात सौम्य घट सुरू होते, असे मानणे सध्या अधिक सुरक्षित वाटते.

ताणाच्या शारीरिक प्रतिक्रियेचे वर्णन हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये केले. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिल्यास मेंदूतील अश्वमीन (हिपोकॅम्पस) या स्मृतीच्या भागाला इजा होते आणि तोच भाग कॉर्टिसॉलला आवर घालत असल्याने ते आणखी चढते, असा दुष्टचक्राचा सिद्धांत रॉबर्ट सापोल्स्की व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला. त्याचा भक्कम आधार उंदरांवरील प्रयोगांत आहे. माणसांतील पुरावा तितका सलग नाही. ब्रूस मॅक्यूएन व इलियट स्टेलर यांची (१९९३) शरीरावर साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना अधिक उपयोगी पडते, कारण प्रत्यक्षात ताण बव्हंशी आडवाटेने पोहोचतो : रक्तदाब, साखर, तुटक झोप, तंबाखू, बैठेपणा. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, नैराश्य आहे. कार्यताण स्वतंत्रपणे नाही.

ताण मोजताना ‘काम किती आहे’ एवढेच विचारणे ही नेहमीची चूक. रॉबर्ट काराझेक (१९७९) यांच्या प्रतिमानानुसार जास्त मागणी आणि कमी नियंत्रण हे दोन्ही एकत्र आले तरच घातक ताण निर्माण होतो; जास्त मागणी व पुरेसे नियंत्रण असलेले काम उलट शिकवते. योहानेस झिग्रिस्ट (१९९६) श्रम आणि पगार, मान, स्थैर्य या मोबदल्यातील असमतोल मोजतात. मेल्विन कोन व कार्मी स्कूलर (१९७८) यांनी दाखवले, की गुंतागुंतीचे काम बौद्धिक लवचीकता वाढवते आणि लवचीक माणसे तशा कामाकडे वळतात. त्यामुळे एकाच वेळच्या सर्वेक्षणावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवता येत नाही.

पाळ्यांचा प्रश्न बडोद्याला जवळचा आहे. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना (१९६५) व त्याभोवतीचे खत-रसायन उद्योग अखंड चालणारे असल्याने तेथे फिरती पाळी टाळता येत नाही. फ्रान्समधील ३,२०० हून अधिक कामगारांच्या अभ्यासात (२०१५) दहा वर्षांहून अधिक काळ फिरत्या पाळीत काढलेल्यांच्या बोधनातील उणीव सुमारे साडेसहा वर्षांच्या वार्धक्याइतकी भरली. पाळी सुटल्यावर ती भरून यायला किमान पाच वर्षे लागली. हा आकडा रसायन कारखान्याला जसाच्या तसा लावू नये. तेथे द्रावकांची वाफ व गोंगाट यांचाही परिणाम असतो, आणि तो वेगळा काढण्यासाठी कोणत्या विभागात किती वर्षे काम केले याची नोंद घ्यावी लागते.

मापन : फोल्स्टीन यांची ३० गुणांची बोधनचाचणी (१९७५) साक्षर इंग्रजी भाषकांसाठी होती. बल्लभगढच्या ग्रामीण वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप १९९५ मध्ये आले. त्यात १०० मधून सात-सात वजा करण्याऐवजी २० मधून तीन-तीन वजा करायला सांगतात. याच प्रकारच्या मॉन्ट्रियल चाचणीत (२००५) ३० पैकी २६ ही मूळ मर्यादा (त्याखाली उणीव धरतात) असून शिक्षण १२ वर्षे किंवा कमी असल्यास एक गुण वाढवून देतात. कमी शिकलेल्यांना तरीही ती अन्यायकारक ठरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा चाचणीसंच आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम या पाच भाषांत तयार झाला.

बडोद्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मराठी माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात गुजराती आणि कारखान्यातल्या नोंदी इंग्रजीत करतो. म्हणून ‘हिशेब मनात कोणत्या भाषेत करता?’ हा पहिला प्रश्न. अंकस्मरणात मराठीतील ‘सहा’, ‘नऊ’ उच्चारात दोन तुकड्यांचे, तर गुजरातीतील ‘छ’, ‘नव’ एकाच तुकड्याचे आहेत. सुमारे दोन सेकंदांत उच्चारता येईल तेवढेच लक्षात राहते, या अ‍ॅलन बॅडली व सहकाऱ्यांच्या (१९७५) निष्कर्षानुसार लहानसा फरक अपेक्षित आहे. एका भाषेची प्रमाणके (त्या गटात अपेक्षित असलेले गुण) दुसरीला लावू नयेत. आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडण्याच्या चाचणीत इंग्रजी वर्णमालेचा क्रम तोंडपाठ असतो, पण अ-आ-इ की क-ख-ग यावर माणूस अडखळतो आणि ती अडखळ मंदपणा म्हणून मोजली जाते. तेथे रंगांची पर्यायी चाचणी बरी. आजची तारीख विचारल्यावर वृद्धाने अचूक तिथी सांगितली, तर उत्तर चूक न धरता पुन्हा विचारावे.

रात्रपाळीनंतर लगेच तपासणी घेऊ नये. निदान दोन रात्रींची पुरी झोप झालेली असावी. चष्मा व श्रवण आधी तपासावे, कारण न ऐकलेला शब्द विसरलेला ठरतो. शाकाहारी व्यक्तीत ब-१२ जीवनसत्त्व, सर्वांत थायरॉइड, रक्तदाब, साखर व नैराश्य पाहावे. स्मृती तपासताना पंधरा शब्दांची यादी सेकंदाला एक या गतीने पाच वेळा वाचून दाखवतात आणि २० ते ३० मिनिटांनी न वाचता आठवायला सांगतात. मधल्या वेळेत दुसरी शब्दचाचणी घेतली, तर शब्द एकमेकांत मिसळतात; आकृत्यांचे काम द्यावे. नातेवाईक बाहेर बसलेले चांगले. मदतीच्या ओघात ते उत्तरे सुचवतात. पुनर्तपासणीला तीच यादी वापरू नये.

हैदराबादमधील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) द्विभाषिकांत लक्षणे साडेचार वर्षे उशिरा दिसली. बडोद्यातील मराठी समाजात तुलनेसाठी एकभाषिक गटच मिळणे कठीण, त्यामुळे तेथे हा प्रश्न भाषांच्या संख्येपेक्षा रोजच्या वापरावरून सोडवावा लागेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील (१९४९) प्रमिला फाटक यांनी स्थानिक प्रमाणके बांधण्याचा पायंडा पाडला, तो अर्भकांसाठी. 

निवृत्तीचा परिणाम : सुसान रोहवेडर व रॉबर्ट विलिस (२०१०) यांनी अमेरिका, इंग्लंड व युरोपातील देशांची तुलना करून लवकर निवृत्ती व कमकुवत स्मृती यांचा संबंध दाखवला. आजारी माणूसच आधी निवृत्त होतो, हा आक्षेप टाळण्यासाठी त्यांनी प्रत्येक देशाच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांचा आधार घेतला. व्हाइटहॉल-२ मध्ये (२०१८) निवृत्तीनंतर शाब्दिक स्मृतीची घसरण आधीपेक्षा ३८ टक्के वेगवान आढळली, मात्र इतर क्षमतांवर तसा परिणाम दिसला नाही.