टॅरंटुलाला खायला किती घालायचं? तारीख नको, तिचं पोट बघा

श्रावणात आईचे सोमवार सुरू झाले आणि नेमकं तेव्हाच लालीनेही खाणं बंद केलं. लाली म्हणजे माझी मेक्सिकन रेड नी जातीची टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पायांच्या सांध्यांवर शेंदरी पट्टे असलेली तळहाताएवढी मादी. आईचा उपास संध्याकाळी सुटायचा, लालीचा काही सुटेना. एक आठवडा झाला, दोन झाले, महिना झाला. भांडुपच्या आमच्या वन बीएचकेत रोज सकाळी आई काचेच्या पेटीपाशी उभी राहून विचारायची, "अगं, हिने काल तरी खाल्लं का काही? मरेल गं अशाने."

आईचं चुकत नव्हतं, आपल्याकडे घरात कुणी जेवलं नाही तर ती काळजीचीच गोष्ट असते. पण टॅरंटुलाचं शरीर वेगळ्या हिशेबाने चालतं आणि तो हिशेब कळला नाही तर आपण मायेनेच तिला त्रास देतो.

आपल्याला अंगाचं तापमान 37 अंशांच्या आसपास धरून ठेवायचं असतं, त्यासाठी रात्रंदिवस इंधन जळत असतं, म्हणून दोन वेळा जेवावं लागतं. टॅरंटुलाचं तसं नाही, आजूबाजूला जेवढी उष्णता तेवढीच तिच्या अंगात. शिवाय ती शिकारीसाठी हिंडत नाही, बिळाच्या तोंडाशी बसून राहते आणि जमिनीची थरथर पायांनी टिपते, जवळून काही गेलं की झडप. म्हणजे खर्च जवळजवळ नाहीच. तेवढ्याच वजनाच्या इतर थंड रक्ताच्या प्राण्यांशी तुलना केली तरी कोळ्यांचा हा खर्च कमी भरतो. त्यामुळे धष्टपुष्ट मोठी मादी कित्येक महिने न खाता आरामात राहू शकते, फक्त पाणी हवं. चिलीची रोझ हेअर म्हणून जी जात पाळतात ती तर वर्षभर उपाशी राहण्यासाठी प्रसिद्ध आहे.

आणि ती खाते कशी, हे एकदा जवळून बघाच. रातकिडा पकडला की विषारी सुळे आत घुसतात, मग ती त्याच्यावर तोंडातून पाचक रस सोडते, मळल्यासारखं करत राहते आणि विरघळून झालेला रस आत ओढून घेते. ओढायला तिच्या आत पंपासारखं काम करणारं एक जठर असतं आणि तोंडापाशी केसांची गाळणी, कडक तुकडे आत जातच नाहीत. लालीला एक रातकिडा संपवायला अख्खी रात्र लागते. सकाळी उरतो तो वाटाण्याएवढा काळपट ओलसर गोळा, तो चिमट्याने लगेच उचलायचा, कारण मुंबईच्या पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी धरते आणि मग बारीक किडेही लागतात.

हा सगळा रस जातो पोटात. आतड्याच्या फांद्या पोटभर पसरलेल्या असतात आणि त्यात साठा होतो. आता मुख्य गोष्ट. पुढचा भाग, जिथून पाय फुटतात तो, कडक कवचाचा, दोन कातींच्या मधे तो अजिबात वाढत नाही. मागचं पोट तेवढं मऊ, तेच फुगतं आणि तेच आटतं. म्हणून किती घालायचं ते तिचं पोट बघून ठरवायचं. पोट पुढच्या कवचाएवढं किंवा दीडपट दिसतंय, मस्त चाललंय. दुप्पट होऊन जमिनीवर घासायला लागलंय, तर सरळ खाणं बंद करा, महिना दोन महिने गेले तरी चालतील. कवचापेक्षा लहान आणि सुरकुतलेलं दिसलं तर आधी पाण्याची वाटी भरा, बऱ्याचदा ती भुकेली नसते, तहानलेली असते. वाटीत स्पंज वगैरे घालू नका, साधं पाणी ती छान पिते.

आकडाच हवा असेल तर मोठ्या मादीला 10 ते 15 दिवसांनी एक मोठा रातकिडा, किंवा त्या मापाचं पाळीव झुरळ. मधल्या वयाच्या कोळ्याला आठवड्यातून एकदा. पिल्लांना मात्र आठवड्यातून दोनदा, कारण त्यांच्याकडे साठवायला जागाच नसते आणि वाढ जोरात चालू असते. किडा तिच्या पोटापेक्षा लांब नको, एवढंच माप लक्षात ठेवा. नखाएवढ्या पिल्लाला तर रातकिड्याची तंगडी किंवा मीलवर्मचा, म्हणजे खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळीचा, तुकडा ठेवला तरी ते येऊन चोखत बसतं, जिवंतच हवं असं काही नाही.

लोक काय करतात, लवकर मोठी व्हावी म्हणून रोज खायला घालतात. होते ती लवकर मोठी, खाणं जास्त आणि उष्णता जास्त असली की काती भराभर पडतात. पण नर असेल तर तो लवकर वयात येतो आणि वयात आलेला नर पुढे फार तर वर्ष दीड वर्ष राहतो, तर रेड नीची मादी वीस वर्षांच्याही पुढे जगते. दुसरं म्हणजे, भरलेलं पोट पाण्याच्या फुग्यासारखं असतं, फूटभरावरून पडली तरी फुटू शकतं आणि रक्त वाहून ती मरते. जमिनीवर राहणारी जात असेल तर पेटी उंच घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

किडे कुठले? किचनमधलं झुरळ कधीच नाही. आपल्याकडे बिल्डिंगमधे वर्षातून दोन तीनदा पेस्ट कंट्रोल होतं, घरोघरी जेल लावलेलं असतं, ते खाऊन आलेलं झुरळ म्हणजे विषाची पुडी. पैदास केलेले रातकिडे घ्या आणि त्यांना दोन दिवस गाजर, दुधीच्या साली खाऊ घाला, ते जे खातील तेच शेवटी तिच्या पोटात जाणार. येऊरला किंवा माथेरानला दिसलेला कोळी उचलून आणायचा विचारही नको, आणि रेड नीसारखी परदेशी जात पाळत असाल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली तिची नोंदणी लागते, ती करून घ्या.

आता लालीने का सोडलं होतं? कात टाकायची होती. पोटावर केस गळून टक्कल पडलेली जागा होती ती हळूहळू काळी चमकदार झाली, रंग मळकट झाला, हालचाल मंदावली. कात म्हणजे नुसती वरची कातडी नाही, सुळ्यांचं आवरण, घसा आणि त्या पंपाच्या जठराचं आतलं अस्तरसुद्धा ती बदलते. अशा वेळी खाणार कशी? आणि त्या दिवसांत पेटीत जिवंत किडा ठेवणं हा सगळ्यात मोठा धोका. लालीच्या आधी माझ्याकडे एक पिल्लू होतं, ते खात नाही म्हणून मी रातकिडा आत सोडला आणि झोपले, रात्री त्याने कात टाकली, सकाळी रातकिड्याने त्याचं पोट कुरतडलेलं होतं. तेव्हापासून नियम केला, संध्याकाळी घातलेला किडा सकाळपर्यंत धरला नाही तर बाहेर.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला लाली पाठीवर उलटी पडली. आई घाबरून ओरडली, "गेली गं!" मी तिला म्हटलं हात लावू नकोस, मेलेली टॅरंटुला पाय आखडून पालथी पडते, ही कात टाकतेय. चार पाच तास लागले. नवे सुळे आधी पांढरेशुभ्र होते, मग तांबूस झाले, ते काळे होईपर्यंत थांबायचं असतं, पिल्लांना आठवडा पुरतो, मोठ्यांना दोन. आई रोज टॉर्च मारून रंग बघायची.

तेराव्या रात्री काळे दिसले. मी लांब चिमट्याने एक छोटा रातकिडा सोडला, मुद्दाम छोटा. लालीचा पुढचा पाय जरासा उचलला गेला, थांबला, आणि पुढचं डोळ्यांना दिसलंच नाही, किडा थेट सुळ्यांत. मग ती गोल गोल फिरत जमिनीवर रेशीम अंथरू लागली, पोटाचं टोक डावीकडे, उजवीकडे.

आई स्टूल ओढून बसली ती एक वाजेपर्यंत उठली नाही.