खरेदीचा डेटा, लपवलेली नावं आणि पेटंटची भांडणं

खरेदीच्या डेटात गिऱ्हाईकाचं नाव खरंच लपतं का, आणि असल्या पद्धतींवर पेटंट मिळावं का, हा वाद आत्ताचा वाटतो, पण याची मुळं पार बारकोडपर्यंत जातात. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉयमध्ये मार्श सुपरमार्केटच्या काउंटरवर च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, आणि पुढे कुठे काय खपतंय याचा हिशोब विकणं हाच एक मोठा धंदा होऊन बसला. त्या स्कॅनमध्ये फक्त माल दिसायचा, गिऱ्हाईक नाही. लॉयल्टी कार्डं (नेहमीच्या गिऱ्हाइकाला सवलतीसाठी दुकान देतं ती) आली तसं कोण काय घेतं हेही कळायला लागलं, मग नाव लपवायचा प्रश्न आलाच.

लपवतात कसं? दुकानाकडे तुमचा ईमेल असतो, जाहिरातवाल्यांकडेही तोच असतो, दोघं तो एकाच हॅश फॉर्म्युल्यातून काढतात आणि अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ मिळते. दोन्हीकडच्या ओळी जुळल्या की कळतं, जाहिरात बघणारानेच माल घेतलाय. मूळ ईमेल कोणी कोणाला दिलाच नाही. बस्स, एवढंच.

असल्या गोष्टींवर पेटंट मागायची हिंमत आली ती १९९८च्या स्टेट स्ट्रीट निकालाने, कारण धंद्याच्या पद्धतीलाही पेटंट मिळू शकतं असं अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने तेव्हा म्हटलं. मग काय, दार सताड उघडं. कॅटालिना आणि कूलसेव्हिंग्ज या कूपनवाल्या कंपन्या तर कूपन छापायचं मशीन दुकानातच असायला हवं का, की वेबसाइटही त्यात बसते, यावरून भांडत २००२मध्ये याच कोर्टापर्यंत गेल्या!

२०१४च्या अ‍ॅलिस निकालाने वारं फिरलं. अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, अमूर्त कल्पना नुसती कॉम्प्युटरवर चालवली म्हणून पेटंट मिळत नाही. पुढच्याच वर्षी ग्राहकाच्या खरेद्या नोंदवून मर्यादा गाठली की कळवायचं, हे पेटंट कॅपिटल वन बँकेविरुद्धच्या केसमध्ये रद्द ठरलं. २०१६चा इलेक्ट्रिक पॉवर ग्रुपचा निकाल खरं तर वीज ग्रिडचा, पण माहिती गोळा करणं, तपासणं, दाखवणं हे सगळं अमूर्तच असं त्यात आल्यामुळे डेटावाल्यांच्या पेटंटविरुद्ध तोच आयता हाताशी आला.

२०१७मध्ये गूगलने दुकानातली कार्डपेमेंट्स जाहिरातींशी जोडायला घेतली, आणि नावं सुरक्षित आहेत कारण आमची गणितं पेटंट-पेंडिंग आहेत असं सांगितलं. मला हे फारच मजेशीर वाटतं, कारण पेटंट अर्ज केलाय म्हणजे लोकांची ओळख सुरक्षित आहे असं थोडंच होतं. लोकांच्या खासगीपणासाठी लढणाऱ्या एपिक या संस्थेने एफटीसीकडे (अमेरिकेचा ग्राहकहित बघणारा सरकारी व्यापार आयोग) तक्रार केली ती याच मुद्द्यावर, की हे गणित कोणाला तपासताच येत नाहीये.

आणि इतक्या खटल्यांत कोर्टाने विचारलं काय, तर कल्पना नवी आहे का, अमूर्त आहे का. नाव खरंच लपतं का, हा पेटंटच्या भांडणातला प्रश्नच नव्हता. तिकडे २०१५मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत अभ्यास आला होता: ११ लाख लोकांचे ३ महिन्यांचे कार्ड व्यवहार, नावं काढलेली, तरी फक्त ४ खरेद्यांचं दुकान आणि दिवस माहीत असला तर ९० टक्के लोक वेगळे ओळखता येत होते. हॅश केलं म्हणजे डेटा निनावी होत नाही हे एफटीसीने २०१२मध्ये सांगितलं होतं, २०२४मध्ये परत सांगावं लागलं.